आधी घराखाली बघा, मग छताकडे

पत्र

मावशी, सप्रेम नमस्कार.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, रॉलीपासून तासाभरावर, एक एकर जागा घेऊन तिच्यावर नवंकोरं मॅन्युफॅक्चर्ड होम, म्हणजे कारखान्यात तयार होऊन येणारं घर, बसवून घेतलं. डबल-वाइड, तीन बेडरूमचं. शहरातलं टाउनहाउस परवडत नव्हतं, म्हणून हा मार्ग. नोव्हेंबरात राहायला आलो आणि जानेवारीपासून एकेक सुरू झालं. हॉलच्या छताला मधोमध लांब भेग गेली. बेडरूमचं दार लागत नाही, खांदा लावून ढकलावं लागतं. हॉलमधून किचनकडे जाताना जमीन पायाखाली दबते. हिवाळाभर एका बाजूच्या दोन्ही खोल्या गार राहिल्या आणि विजेचं बिल मात्र तोंडाला फेस आणणारं. पाऊस झाला की घरात कुबट वास येतो.

डीलर म्हणतो फॅक्टरीला फोन करा, फॅक्टरी म्हणते बसवणाऱ्याला विचारा, बसवणारा फोनच उचलत नाही. आता डीलर म्हणतोय, माणूस पाठवतो, भेग बुजवून रंग मारून देतो, फक्त ‘काम समाधानकारक झालं’ अशा कागदावर सही करा. नवरा म्हणतो, सही कर आणि संपव, आपण एच-वन व्हिसावर आहोत, सरकारदरबारी तक्रारी नकोत. त्याचा मित्र म्हणतो, कर्जाचा हप्ता थांबवा, मग सगळे धावत येतील. जूनमध्ये सासरे यायचे आहेत. ते पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेत. फोटो बघूनच म्हणाले, “पत्र्याच्या पेटीला एवढे पैसे?” मला रात्री झोप लागत नाही. काय करू?

— एक वाचक, नॉर्थ कॅरोलायना

उत्तर

त्या कागदावर सही करू नका. डीलरचा माणूस येऊन भेग लिंपून, वर पांढरा रंग फासून, दाराची कड रंध्याने तासून गेला तरी नाही. तुमच्या पाचही तक्रारी मी दोनदा वाचल्या आणि मला त्या पाच वाटत नाहीत. मूळ दुखणं एक असावं, फार तर दोन, आणि ते छतात नसून घराखाली आहे. आज भेग बुजवून घेतलीत, तर ती पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी उघडेल. तेव्हा डीलरच्या हातात तुमच्या सहीचा कागद असेल आणि हमीची मुदत उलटून गेलेली असेल. त्या मुदतीकडे पुढे येतेच.

मी निवृत्त होईपर्यंत बांधकामाच्याच धंद्यात होते. आधी पुण्यात साइटवर, मग इकडे. त्यामुळे उत्तर जरा तांत्रिक होईल. पण ते सासऱ्यांनाही वाचायला द्यायचं आहे, तेव्हा असू दे.

डबल-वाइड घराचे दोन लांबट भाग कारखान्यात वेगवेगळे तयार होतात. प्रत्येक भाग आपापल्या पोलादी सांगाड्यावर, चाकांवर बसून हमरस्त्याने येतो. जागेवर आणल्यावर ते एकमेकांना भिडवतात, मधल्या फटीत पट्टी घालतात, बोल्टांनी आवळतात आणि छताचा कणा जोडतात. दोन भाग जिथे मिळतात त्या रेघेला इथले कामगार ‘मॅरेज लाइन’ म्हणतात. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून असं आपण म्हणतो. तुमच्या हॉलच्या छतात दोन्ही एकाच रेघेवर आलंय, आणि लग्न घाईत लागलेलं दिसतंय.

हॉल ऐसपैस दिसावा म्हणून त्या रेघेवरची मधली भिंत बरीचशी मोकळी सोडलेली असते. तेवढ्या रुंदीतलं छताचं वजन तुळईवर येतं आणि तुळई ते दोन टोकांच्या खांबांतून खाली सोडते. हे खांब भिंतीत दडलेले असतात, आपल्याला दिसत नाहीत. पण त्यांच्या बरोबर खाली काँक्रीट ब्लॉक रचून केलेला बुटका खांब, म्हणजे पिअर हवा, आणि पिअरखाली ते वजन पेलेल एवढं फुटिंग, म्हणजे पायाची बैठक. बसवणीच्या केंद्रीय नियमांनुसार मॅरेज लाइनवर चार फुटांहून रुंद मोकळी जागा असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंना खालून आधार लागतोच. यातला एखादा पिअर खचला, तिरपा झाला किंवा द्यायचाच राहून गेला, की तुळईचं ते टोक खाली येतं. मग छत मधल्या रेघेवर फाटतं, शेजारच्या दाराची चौकट वाकडी होते आणि तिथली जमीन पायाखाली दबते. वहीत घराचा साधा नकाशा काढा आणि भेग, दार, दबणारी जमीन यांवर फुल्या मारा. तिन्ही फुल्या त्याच मोकळ्या जागेच्या एका टोकाशी आल्या, तर माझा अंदाज बरोबर आहे असं समजा.

गार खोल्यांचं कारण बहुधा वेगळं, पण पत्ता तोच. गरम हवेचं यंत्र सहसा एका भागात असतं. दुसऱ्या भागाला हवा पोचते ती घराखालून जाणाऱ्या एका जाड लवचीक नळातून. त्याला क्रॉसओव्हर डक्ट म्हणतात. तो कारखान्यात जोडता येत नाही, जागेवर बसवणाऱ्यालाच जोडावा लागतो. त्याचा पट्टा सुटला किंवा नळ मध्येच चेपला, की तुमच्या पैशाची गरम हवा घराखालच्या बेडकांना. बिल का फुगलं, हे वेगळं सांगायला नको.

आणि कुबट वास. तुमच्याकडची ती लाल चिकणमाती पाणी पटकन जिरू देत नाही. पावसाचं पाणी घराखाली शिरून साचत असेल, तर वास येणारच, आणि त्याच ओल्या मातीत पिअर खचणार. म्हणजे पाचवी तक्रार बहुतेक पहिल्या तिघींची आई आहे.

तर आता खाली जायचं. पण कसं, ते नीट वाचा. भरदुपारी जा, एकटीने जाऊ नका, एक माणूस बाहेर उभा राहू द्या. घराच्या बुडाभोवती जी पडदी लावलेली असते, तिला स्कर्टिंग म्हणतात. तिला कुठेतरी उघडणारं दार किंवा निघणारी फळी असते. आत पाणी साचलेलं दिसलं तर शिरू नका, खालून विजेच्या तारा गेलेल्या असतात. तुमच्या भागात कॉपरहेड साप असतात, तेव्हा आधी टॉर्चने सगळे कोपरे बघा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. आणि एक गोष्ट नवऱ्याला माझ्या नावाने बजावा: गाडीचा जॅक लावून घर उचलायला जाऊ नये. लोक यात जिवाला मुकले आहेत. आपलं काम बघण्याचं आणि मोजण्याचं. आत शिरणं जमत नसेल, तर सेल्फी स्टिकला फोन आणि टॉर्च बांधून व्हिडिओ घ्या. निम्मं काम त्यातच होतं.

जायच्या आधी एक पुस्तिका शोधा. प्रत्येक घराबरोबर उत्पादकाची बसवणीची पुस्तिका येते. किचनच्या खणात वॉरंटीच्या कागदांबरोबर पडलेली असेल. नसेल तर डीलरकडे लेखी मागा. पिअर कुठे, किती अंतरावर, फुटिंग केवढं, घर जमिनीला बांधून ठेवणारे अँकर किती, हे सगळं तिच्यात तुमच्याच मॉडेलसाठी दिलेलं असतं. भांडणात हीच पुस्तिका तुमचा तराजू. “मला वाटतं हे चुकलंय” म्हणणाऱ्या ग्राहकाला कोणी विचारत नाही. “पुस्तिकेच्या अमुक पानावर इथे पिअर दाखवलाय आणि इथे पिअर नाही, हा फोटो” म्हणणाऱ्या ग्राहकाला टाळणं अवघड जातं.

खाली गेल्यावर आधी मॅरेज लाइनखालचे पिअर बघा. ब्लॉक एकमेकांवर सरळ रचलेत का, आणि वरचा ब्लॉक सांगाड्याला खरंच टेकलाय का? पिअर आणि सांगाडा यांच्यामधली फट भरायला लाकडी फळी आणि पाचरा घालतात. नियमाने फळी दोन इंचांपेक्षा जाड नको आणि पाचरांनी एक इंचापेक्षा जास्त उंची व्यापू नये. पाचरा जोडीने, समोरासमोरून ठोकलेल्या हव्यात. हाताने ओढून बघू नका, नुसतं टॉर्च मारा. सैल पाचर नजरेलाही कळते. एकेरी ब्लॉकचा पिअर ३६ इंचांपेक्षा उंच असेल तर तो दुहेरी रचायला हवा होता. तुमची जागा उताराची असेल तर खालच्या बाजूला ही चूक हमखास सापडते. सांगाड्याच्या सर्वांत खालच्या तुळईपासून जमिनीपर्यंत किमान १२ इंच मोकळे हवेत. अँकरचे पोलादी पट्टे ताणलेले आहेत की कपडे वाळत घालायच्या दोरीसारखे लोंबतायत, तेही बघा.

मग जमीन. घराखालच्या मातीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असायला हवा, किमान सहा मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचा, आणि जिथे दोन कागद मिळतात तिथे एकावर एक बारा इंच चढलेले. तुमच्याकडे तो नसेल किंवा फाटून गोळा झाला असेल, असं मला वासावरूनच वाटतंय. क्रॉसओव्हर डक्ट जमिनीला टेकता कामा नये; टेकलाय का, दोन्ही टोकं घट्ट आहेत का, हीटर चालू ठेवून गरम हवा कुठून निसटतेय, ते बघा. वर घराच्या पोटाला काळं जाड कापड लावलेलं असतं, त्याच्या वर इन्सुलेशन. ते कुठे म्हशीच्या पोटासारखं खाली लोंबत असेल, तर आत पाणी साठलंय, म्हणजे नळाचा एखादा सांधा गळतोय. त्याला भोक पाडून बघायचा मोह आवरा. फोटो काढा.

कपडे वाळवायच्या मशीनचा नळ स्कर्टिंगच्या बाहेर निघतोय की आतच सोडून दिलाय? घाईत काम उरकणारे तो आत सोडून जातात. मग प्रत्येक लोडची वाफ घराखाली आणि सगळा कापूस मातीवर. मी एका घराखाली बघितलं होतं, शेवरीचं झाड फुटल्यासारखं दिसत होतं.

बाहेर आल्यावर उतार मोजा. घराच्या कडेपासून पहिल्या दहा फुटांत जमीन दर फुटाला अर्धा इंच उतरायला हवी, म्हणजे एकूण पाच इंच. दोरी, दोन खुंट्या आणि एक लेव्हल, एवढ्यावर हे काम होतं. घर सपाट आहे का हे बघायची सगळ्यांत स्वस्त युक्ती तुमच्या सासऱ्यांना माहीत असणार: पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक इथे, एक टोक तिथे, आणि दोन्हीकडचं पाणी कुठे थांबतं ते बघायचं. आपल्या साइटवर गवंडी जे करतात तेच. इथले घर बसवणारेही हेच करतात, फक्त त्यांच्या नळीतलं पाणी रंगवलेलं असतं.

छताच्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी बघा. केसाएवढी आणि थांबलेली भेग असेल तर ती ट्रकच्या प्रवासातली किंवा नव्या घराच्या पहिल्या हिवाळ्यातली असू शकते. “नवं घर थोडं बसतंच” हे डीलरचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे. रेघ ओलांडून पुढे सरकली, तर घर अजून खाली चाललंय.

आता माणसं. तुमच्या पत्रातला तिघांचा चेंडूफळीचा खेळ या धंद्यात जुना आहे. कारखान्यातलं काम उत्पादकाचं. जागेवरचं काम, म्हणजे पिअर, समतोल, मॅरेज लाइन आवळणं, डक्ट, छताच्या कण्याची जोडणी, हे बसवणाऱ्याचं. डीलरने बसवणारा स्वतः ठरवून दिला असेल तर तोही सुटत नाही. पण कोणती चूक कोणाची, हे शोधणं तुमचं काम नाही. तिघांनाही एकाच दिवशी, एकच पत्र पाठवा आणि प्रत्येकाला कळू द्या की बाकीच्या दोघांनाही तेच गेलंय. फोन बंद. यापुढे जे काही ते लेखी. टपालाने, पोचपावतीसह, आणि सोबत ईमेल. फोन आलाच तर बोला, आणि मग लगेच “आज आपण फोनवर असं असं म्हणालात” अशी ईमेल टाका.

पत्रात रडगाणं नको. घराचा अनुक्रमांक, पोचवल्याची तारीख, पुस्तिकेचं पान, फोटो, आणि “अमुक तारखेपर्यंत दुरुस्तीचा दिवस कळवा” एवढंच. अनुक्रमांक आणि बनवल्याची तारीख घरातल्या डेटा प्लेटवर सापडेल. ती किचनच्या कपाटात, विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये चिकटवलेली असते. घर कोणत्या वाऱ्याच्या पट्ट्यासाठी बांधलंय, छप्पर किती भार घेईल, तेही तिच्यावर असतं. तिचा फोटो काढून ठेवा. बाहेरून प्रत्येक भागाच्या मागच्या टोकाला लालसर धातूची छोटी पट्टी ठोकलेली असेल, तिचाही. ती कधीही काढू किंवा रंगवू नका. घर विकताना किंवा कर्ज बदलताना तिचा नंबर पहिल्यांदा मागतात.

मुदतीबद्दल. नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्यात नव्या मॅन्युफॅक्चर्ड घराला आणि ते बसवण्याच्या कामालाही किमान १२ महिन्यांची हमी आहे, आणि ती घर पोचल्याच्या दिवसापासून मोजतात. तुम्ही राहायला आलात तो नोव्हेंबर यात धरत नाहीत. राज्याचं मॅन्युफॅक्चर्ड हाउसिंग बोर्ड आहे. डीलर आणि बसवणारा दोघांचे परवाने त्याच्या हातात असतात. तिघांच्या पत्राला ठरल्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही, की तीच फाइल बोर्डाकडे लेखी तक्रार म्हणून जाऊ द्या. केंद्राच्या बाजूने गृहनिर्माण आणि नगरविकास खातं आहे, ज्याला इकडे सगळे ‘हड’ म्हणतात. २००० सालच्या सुधारणा कायद्याने या तिघांमधल्या भांडणाचा निकाल लावण्याची व्यवस्था करायला सांगितली. काही राज्यांची ती स्वतःची आहे, बाकीच्यांत हड चालवतं. तिची अट एवढीच की दोष घर पहिल्यांदा बसवल्यापासून एका वर्षाच्या आत कळवलेला हवा. म्हणजे दोन्ही घड्याळं ऑक्टोबरातच थांबतात. तुम्ही हे एप्रिलमध्ये वाचताय. सप्टेंबरपर्यंत थांबू नका, पत्रं या महिन्यात जाऊ द्या.

डीलरच्या कागदावर “यापुढे कोणताही हक्क राहणार नाही” असली ओळ असेल, तर तिला फार घाबरू नका. मॅन्युफॅक्चर्ड घरांबद्दलच्या १९७४ च्या केंद्रीय कायद्याने ग्राहकाला दिलेले हक्क असे सही करून सोडता येत नाहीत, हे त्या कायद्यातच लिहिलंय. तरीही सही नको. हक्क शिल्लक असणं वेगळं आणि तो शाबूत आहे हे वकिलाला पैसे देऊन सिद्ध करत बसणं वेगळं. विकत घेतानाच्या करारात लवादाचं कलम आहे का, तेवढं मात्र आजच बघा. असेल तर कोर्टाची वाट अरुंद होते आणि वकिलाचा पहिला प्रश्न तोच असतो.

“पण काउंटीच्या इन्स्पेक्टरने पास केलं होतं ना?” असं डीलर म्हणेल. केलं असेल. त्याने पाहिलं तेव्हा माती कोरडी असेल, आणि स्कर्टिंग लागल्यावर आत काय झालं ते त्याने पाहिलेलं नाही. इन्स्पेक्टरचा शिक्का म्हणजे हमी नव्हे. काउंटीत जाऊन तुमच्या परमिटची फाइल मात्र मागून घ्या. बसवणाऱ्याचा परवाना क्रमांक तिच्यात असणार, आणि फोन न उचलणाऱ्या माणसाचा पत्ता असाच सापडतो. बँकेने कर्ज देताना पायाबद्दल इंजिनिअरचं प्रमाणपत्र घेतलं असेल, तर तेही कुठेतरी आहे. बँकेकडून त्याची प्रत मागा आणि त्याने कोणता पाया बघून सही केली ते तुमच्या फोटोंशी ताडून बघा. कधीकधी गंमत निघते.

एक खर्च स्वतःच्या खिशातून कराच: स्वतंत्र तपासणी. अशी घरं पूर्वी तपासलेला परवानाधारक इन्स्पेक्टर, किंवा शक्य असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर. डीलरने सुचवलेला नको. काही शे डॉलर जातील, पण इंजिनिअरच्या सहीशिक्क्याचं एक पान तुमच्या दहा ईमेलना भारी पडतं. बोर्डासमोर आणि गरज पडली तर वकिलापुढेही.

दुरुस्तीला माणसं आली की क्रम सोडू देऊ नका, ते सोडायला बघतील. आधी पाणी: उतार, पन्हळीच्या नळाचं तोंड लांब, खाली नवा कागद. मग पिअर आणि समतोल. मग अँकर पुन्हा ताणणं. मग डक्ट आणि पोटाचं कापड. दार बहुधा समतोल साधल्यावर आपोआप लागेल. म्हणूनच त्याची कड आधी तासू द्यायची नाही, तासलेलं दार सरळ चौकटीत फट दाखवतं. छताची भेग सर्वांत शेवटी, समतोल केल्यावर काही आठवडे थांबून. चार पावसांनंतर लेव्हल पुन्हा तपासून द्यायची, हेही लिहून घ्या.

हप्ता थांबवा म्हणणाऱ्या मित्राला चहा पाजा आणि विषय बदला. हप्ता थांबला की बँक डीलरवर धावून जात नाही, तुमच्यावर येते. क्रेडिट खराब होतं आणि शेवटी घरच जातं. डीलरनेच लावून दिलेल्या कर्जात काही वेळा कर्ज देणाऱ्यावरही ग्राहकाचा दावा टिकतो, फेडरल ट्रेड कमिशनचा तसा एक नियम आहे. पण तो वकिलाने वापरायचा, मित्राने नव्हे.

आणि एच-वन. ही भीती मी गेली तीस वर्षं ऐकतेय, घर बदललं तरी ती बदलत नाही. बोर्डाकडे केलेली तक्रार ही ग्राहकाची तक्रार आहे. व्हिसाशी तिचा काडीचा संबंध नाही, त्या अर्जात कोणी व्हिसा विचारतही नाही. आपण कर भरतो, हप्ता भरतो, मग घर सरळ उभं असावं एवढं मागायला लाज कसली? नवऱ्याला संकोच वाटत असेल तर पत्रावर पहिली सही तुमची असू द्या.

राहिले सासरे. त्यांच्या “पत्र्याच्या पेटी”ला रागाने उत्तर देऊ नका. १९७६ च्या १५ जूनपासून ही घरं हडच्या संहितेनुसार बांधावी लागतात आणि कारखान्यातच तपासली जातात. त्याआधीची ती मोबाइल होम, ज्यांच्यावरून ही नावं पडली. तुमच्या पेटीत मला तरी काही चूक दिसत नाही. चूक असलीच तर पेटी ज्या पाटावर ठेवली त्या पाटात आहे. आणि हे पीडब्ल्यूडीतल्या माणसापेक्षा कोणाला चांगलं कळणार? त्यांनी आयुष्यभर ठेकेदारांची कामं मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एम. बी.त, लिहून घेतली असतील, खोदाई पाहिल्याशिवाय बिल पास केलं नसेल. जूनमध्ये ते आले की त्यांच्या हातात एक कोरी वही आणि टेप द्या आणि म्हणा, “बाबा, या घराची एम. बी. लिहायची आहे, तुम्ही लिहा.” खाली त्यांना उतरवू नका, गुडघ्यांचं वय झालंय. नवरा आत, बाबा बाहेर खुर्चीवर, आणि नवरा आकडे ओरडून सांगतोय. दोघांचाही रविवार छान जाईल.

पण पत्रं त्यांची वाट बघत ठेवू नका. आणि मला फोटो पाठवाल तेव्हा प्रत्येक फोटोत टेप धरा. नुसत्या ब्लॉकच्या फोटोवरून मला काही सांगता यायचं नाही.

तुमची,
मावशी